सहा लाईट, चार गोधड्या

६ एप्रिल २०२५, रविवार

चार मिनिटं अकरा सेकंद बोलली मेघा. फोनच दाखवतो. त्यातली दोन मिनिटं तर तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर गेली.

मग मीच विषय काढला. म्हटलं, सातवा लागला बेटा. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ओटी भरली की सांग, नाशिकला गाडी पाठवतो. मग म्हणाली, "कुठं येऊ पप्पा? त्या खोलीत?"

"खोलीला काय झालं?"

"आईला काय झालं ते विसरलात का?"

विसरलो नाही. आवडा गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मे महिना, भर दुपार, पत्र्याखालची हीच खोली. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आणि ऊन, दोन्ही. मी तेव्हा सिडकोत एका बंगल्याच्या हॉलचं सिलिंग करत होतो. मापं घेत होतो. फोन खिशात थरथरला, म्हटलं नंतर बघू.

"माझं लेकरू मी त्या भट्टीत ठेवणार नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मागच्या वर्षी स्मशानातून परत आल्यावर एक वाक्य बोलली होती — शहरभर लोकांची घरं गार केलीत पप्पा. ते आज बोलली नाही. फक्त श्वास घेतला. माझे कान असे आहेत की मला तो श्वासही कळतो.

ठरलं. खोली गार करायची. मे लागायच्या आत. मग बघू कशी येत नाही!

७ एप्रिल

दुपारी तीनला थर्मामीटर टांगला. बाहेर चाळीस. खोलीत बेचाळीस. आणि पाटीवर काय लिहिलंय माझ्या? 'रामकिसन सांडू — इलेक्ट्रिक व फॉल्स सिलिंग'!

९ एप्रिल

बन्सीला बोलावलं. तीस वर्षं झाली आम्हाला बरोबर काम करून. मुकुंदवाडीला एका खोलीत भाड्यानं राहायचो तेव्हापासून. मी वायरी ओढायचो, तो प्लास्टर. आता गाळा आहे, गाळ्यावर घर आहे, माणसं आहेत हाताखाली. पण माझं स्वतःचं काम मी आणि बन्सीच करणार.

खोलीत उभा राहून वर बघत तो म्हणाला, "थर्माकोल टाकू भाऊ. हलकं. दोन तासांत काम खलास."

"आणि लाईट?"

"लाईटवरूनच टाकायचं. वर कोन बघतंय?"

"तुझ्या घरात टाकशील का?"

"माझ्या घरी सिलिंगच नाय. डायरेक पत्रा. बायको म्हंती, आपलं सूर्याशी घरचं नातं हाय."

हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग मी त्याला तेच व्याख्यान दिलं, जे मी गिऱ्हाइकांना देतो. सिलिंगमधल्या लाईटचं तोंड खाली दिसतं, पाठ वर पोकळीत असते. त्याची गरमी पाठीतून जाते. पाठ झाकली की गरमी जाणार कुठं? थर्माकोल तर पेटतंच, वर त्याला चिकटलेल्या वायरीचं आवरण दोन-चार वर्षांत कडक होतं, तडकतं. म्हणून रॉकवूल टाकायचं — दगडाची लोकर, पेटत नाही. पण तीही लाईटला टेकता कामा नये. चारी बाजूंनी तीन इंच मोकळं.

बन्सी म्हणाला, "पाठ हाय भाऊ मला. वहिनींची पण पाठ होतं."

खरंय. जेवताना मी आवडाला पण हेच ऐकवायचो. लाईटवर कापड पडलं की घर गेलं समज! ती म्हणायची, "मला कशाला सांगता? मी काय लाईटवर कापडं वाळत घालणारे?"

माझे हे कान — गुलमंडीवर एका दुकानाच्या पायरीवर उभं राहून मालकाला सांगितलं होतं, तिसऱ्या रांगेतला दुसरा लाईट आठ दिवसांत जाणार. बारीक गुणगुणत होता. सहाव्या दिवशी गेला. तिथून मला कामं मिळायला लागली. नुसत्या कानावर उभा राहिलेला माणूस आहे मी. ही गोष्ट आवडानं हजार वेळा ऐकली असेल. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवायची.

१२ एप्रिल

मेन स्विच पाडला आणि झडप उघडली. बाथरूमच्या कोपऱ्यात दीड फुटाची झडप ठेवलीय मीच, २०१२ ला, सिलिंग केलं तेव्हा. त्यानंतर मी एकदाही उघडली नव्हती. बन्सीनं शिडी धरली. एकसष्टीतले गुडघे, तरी चढलो. बॅटरी मारली.

वर गोधड्या होत्या.

चार. कडेला कड लावून नीट अंथरलेल्या. पाहुणे झोपायला येणार असल्यासारख्या. वर बोटभर धूळ. धूळ झटकली तर तिचं हिरवं लुगडं. आणि माझे खाकी शर्ट! कामावरचे, फाटले म्हणून टाकून दिलेले. एका तुकड्याला खिसा तसाच ठेवला होता. खिशात हात घातला. पेन्सिलीचं टोक निघालं.

एक गोधडी उचलली. खाली लाईटची पाठ. सहाच्या सहा लाईट गोधड्यांखाली. आणि ते लाईट पण कसले — जुने हॅलोजन, एका मंगल कार्यालयाच्या कामातून उरलेले म्हणून घरी लावलेले. पन्नास वॅटचा एकेक. निखारा!

एका गोधडीवर काळं कडं उमटलेलं होतं. बशीएवढं. बोट लावलं तर कापूस भुगा होऊन पडला. बाकी दोन ठिकाणी पिवळसर.

खालून बन्सी, "काय हाय भाऊ? उंदीर?"

म्हटलं, "व्हय. उंदीर."

१३ एप्रिल

काही लिहीत नाही.

१४ एप्रिल

बन्सी आज नाही, जयंती आहे. मिरवणुकीचे ढोल इथपर्यंत ऐकू येताहेत. एकटाच खोलीत बसून आहे. गोधड्या खाली काढून ठेवल्यात. काढल्यापासून संध्याकाळी पत्रा वाजतो. ऊन उतरलं की आकसतो ना — टण्. मग टक्. मग परत टण्. पूर्वी एवढा वाजायचा का? आठवत नाही.

लिहूनच टाकतो.

मी सातला घरी यायचो. स्वयंपाकघरात ट्यूब चालू, देव्हाऱ्यात झिरोचा बल्ब, आणि या खोलीत ही अंधारात बसलेली. स्विचवर चिकटपट्टी लावलेली. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "ते लाईट गेलेत." मी म्हणालो, "बदलतो." सहाच्या सहा लाईट एकाच दिवशी कसे जातील? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसून शिडी मागवली असती. घरी मात्र, "बदलतो."

मग मेघाला बघायला आकाशरावांकडची मंडळी आली. बावीस साल, मार्च. संध्याकाळची वेळ. खोलीत अंधार. मला लाज वाटली. पट्टी ओढून काढली आणि स्विच दाबला. भक्कन सहाही लागले! मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "बघा, चालू लाईटला पट्टी लावून बसते ही. इलेक्ट्रिशियनच्या बायकोला उजेडाचं वावडं!" सगळे हसले.

आवडा तेव्हा खाली गाळ्याच्या नळावर पाणी भरत होती. दहा-पंधरा मिनिटांनी वर आली. दारातच थांबली. वर बघितलं. मग सरळ येऊन स्विच बंद केला. पाहुणे अंधारात! "डोळ्यांवर येतो उजेड," म्हणाली आणि स्वयंपाकघरातून कंदील आणून ठेवला. मला असला राग आला! जळकट वास येत होता. विचारलं, तर म्हणाली, दूध उतू गेलं. पाहुणे गेल्यावर मी तिला नको ते बोललो. घर आहे का मसणवटा, म्हणालो. तिनं नवी पट्टी कापली आणि स्विचवर लावली.

ते काळं कडं त्या दिवसाचं.

उजेड नाहीतर गारवा. दोन्ही मिळणार नव्हतं. मीच शिकवलं होतं तिला. तिनं गारवा घेतला आणि पाच वर्षं अंधारात बसली.

एक कळत नाही. तिला एकटीला एवढं कसं जमलं? शिडी कुणी धरली?

१७ एप्रिल

गोजराक्का आली पैठणहून, एसटीनं. माझी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दोन पिशव्या. एकीत डिंक, खारीक, खोबरं.

म्हटलं, "आक्का, मेघा यायची नाही म्हणते. बाळंतपण नाशिकला."

"नाय म्हंती ना? मंग येती. यायचं नसतं तर 'बघू' म्हनली आसती."

गोधड्या दाखवल्या. वाटलं रडेल. रडली नाही. चष्मा लावून टाके बघत बसली. मग काळ्या कड्यात तीन बोटं घातली आणि माझ्याकडं बघितलं.

"रामकिसन, तुझे कान लई तिखट म्हनून गावभर सांगत फिरतोस."

"आक्का, अंधार ऐकू येतो का?"

"बाई गप बसलेली तर ऐकू येती?"

गोधडीची घडी घालत आक्का म्हणाली, "पोरीला सांग."

"काय सांगू?"

"जे हाय ते सांग. अन् ह्या धुवायला घेते मी. सोडा आन."

१९ एप्रिल

काम सुरू. लिहून ठेवतो, कारण असं काम मी आजवर कुणाचंच एवढं मन लावून केलं नाही.

हॅलोजन सगळे काढले. त्यांचे ट्रान्सफॉर्मर पण. जुने जोड उघडे होते, नुसती टेप गुंडाळलेली — माझ्याच हातचे! सगळे नव्यानं करून डबीत बंद केले. सहा वॅटचे एलईडी आणले.

लाईटभोवती मोकळी जागा ठेवायची तर रॉकवूल सरकून आत पडणार नाही अशी भिंत पाहिजे. बन्सीनं डोकं चालवलं. हॉटेलवाल्याकडून गोड्या तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे आणले, पत्र्याचे. वरचा आणि खालचा पत्रा कापला की चौकोनी नळकांडं उरतं, नऊ इंचांचं. मधोमध साडेतीन इंचांचा लाईट. चारी बाजूंना पावणेतीन इंच.

"तीन नाय, पावणेतीन," बन्सी म्हणाला. "चालंल का?"

"नाही चालणार." दोन डबे उघडून एकाला एक जोडले, रिबिट मारून मोठे केले. सगळ्या कडा दुमडल्या, वायर कापायला नको. वायर जाते तिथं रबर. तोंड वर उघडं, गरमी निघून जाईल.

बन्सीनं वास घेतला. "भाऊ, भज्यांचा वास येतोय. पाली पार्टी करतील वर."

सोड्याच्या पाण्यानं धुतले. आक्कानं धुतले, गोधड्यांबरोबर.

२० एप्रिल, रविवार

सकाळी फोन केला. तिच्या मागं मिक्सर चालू होता.

म्हटलं, "मेघा, तुझ्या आईनं सिलिंगच्या वर गोधड्या टाकल्या होत्या."

मिक्सर बंद झाला.

"किती सापडल्या?"

"चार."

"पाच होत्या. पाचवी बसली नाही. झडपेच्या मागं पाइपापाशी घडी करून ठेवलीय. बघा तिथं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिडी मी धरली होती पप्पा. एकोणीस सालच्या उन्हाळ्यात. परीक्षा झाली होती माझी."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगते. आई म्हणाली, सांगू नको. संध्याकाळी पत्रा वाजतो ना? गोधड्या टाकल्यावर त्याचा आवाज दबला. आई म्हणाली, 'बघ तू, त्यांना कळेल. आवाज बदलला की ते लगेच वर बघतात. वर बघतील, मग विचारतील.' तोंडानं मागायचं नव्हतं तिला. आधी मागून झालं होतं."

मला आठवलं. मागून झालं होतं. दर उन्हाळ्यात, खोली गार करा म्हणून.

"रोज सातला तुम्ही आलात की ती अंधारात बसून तुमच्याकडं बघायची. तुम्ही वर बघता का ते."

"किती दिवस?"

"मी लग्न होऊन गेले तोपर्यंत मी मोजलं. पुढचं मला माहीत नाही."

मग म्हणाली, आता बोलवत नाही, ठेवते.

पाचवी गोधडी होती. पाइपापाशी. चौघडी घातलेली, कोरी करकरीत.

२१ एप्रिल

दुपारी आवडा खाली गाळ्यात येऊन बसायची. गाळ्याला वर स्लॅब, गार. जिप्समच्या थप्प्यांना टेकून बसायची, पदरानं वारा घेत. मी म्हणायचो, "वर जा गं. गिऱ्हाइकं येतात."

ती जायची.

२३ एप्रिल

आकाशरावांचा फोन. "मामा, वाईट वाटून घेऊ नका. इथला दवाखाना ठरवलाय. मेघाला प्रवास नको." चांगला मुलगा आहे. खोटं बोलताना घसा खाकरतो.

म्हटलं, बरोबर आहे. तब्येत महत्त्वाची.

आक्काला सांगितलं. ती डिंक निवडत होती. निवडतच राहिली.

बन्सीनं विचारलं, "मंग काम थांबवायचं का भाऊ?"

"कशाला?"

२६ एप्रिल

झालं. पत्र्याच्या खालून चमकीचा कागद ताणला. सिलिंगवर पाय द्यायचा नाही म्हणून आडव्या पाइपांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर पालथं झोपून एकेक पट्टा सरकवला. तोंडाला फडकं, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तरी अंग खाजतंय. सहा लाईट, सहा डबे, प्रत्येकाच्या भोवती रॉकवूल आणि आत मोकळी हवा. लाईटचे ड्रायव्हर, म्हणजे वीज देणाऱ्या डब्या, रॉकवूलच्या वर, आकड्याला टांगलेले. झडप बंद करायच्या आधी सहाही लाईट चार तास चालू ठेवले. मग वर जाऊन प्रत्येकाच्या पाठीला हात लावला. कोमट. तापलेल्या लेकराच्या कपाळाएवढे पण नाहीत.

स्विचवरची पट्टी काढली. तिचीच शेवटची पट्टी. नखानं हळूहळू काढली, आणि इथं, या पानाच्या कोपऱ्यात लावली.

दुपारी तीन. बाहेर एक्केचाळीस, खोलीत चौतीस. आता उजेडही आणि गारवाही.

खर्च विचारू नका, एका आठवड्याचं काम. सात दिवस. एवढंच मागत होती.

संध्याकाळी खोलीत उभा राहिलो, पत्रा वाजायची वाट बघत. साडेसहा, पावणेसात, सात. काही नाही. बन्सी हत्यारं गोळा करत होता. म्हणाला, "वर काय बघताय भाऊ? झालं की सगळं."

२९ एप्रिल

आक्कानं काळ्या कड्यावर ठिगळ लावलंय. हिरव्या लुगड्याचंच. म्हणते, परवा पैठणला जाते, इथं बसून काय करू. डिंकाची पिशवी मात्र भरत नाही.

३ मे

मेघा आली. कळवलं नाही, काही नाही. पाचला गाडी दारात. आकाशराव दोन बॅगा वर ठेवून, चहा पिऊन गेले. दोन बॅगा. मोठ्या.

मी सहाही लाईट लावून ठेवले. तिनं खोलीत पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि सगळे बंद केले. आईच्या जागेवर जाऊन भिंतीला टेकून बसली, पोटावर हात ठेवून. म्हणाली, "बसा ना पप्पा."

बसलो. तिच्या आईशेजारी मी इथं कधी बसलो नव्हतो.

ऊन उतरलं. अंधार झाला. सात वाजून गेले असतील, तेव्हा ती म्हणाली, "पत्रा वाजत नाही."

मला आधीच ऐकू आलं होतं. पण तिला आधी बोलू दिलं.